नळाचा बाप

त्या सकाळी दार्मीने कोणावर ओरडायचं बाकी ठेवलं नव्हतं, आणि तरीही पाण्याचा थेंब तिच्या हाती लागला नव्हता.

डोंगरातल्या झऱ्यापासून चल्बीच्या वाळवंटापर्यंत पाइप आला होता. टाकी काठोकाठ भरली होती. आणि नळाखालच्या दोणीसमोर उभे कोण, तर उंट. उंटांमागे पुरुष, आणि पुरुषांमागे पिवळे डबे घेऊन भर उन्हात बायका.

"विहिरीवर आधी उंट, मग शेळ्या, मग माणसं," इसाकोबाबा काठी टेकून सांगत होते. "नळ काय आभाळातून पडलाय?"

विहिरीवर पाळ्या लावायचा मान ज्याचा, त्याला गाब्रा लोक विहिरीचा बाप म्हणतात. जुन्या खाऱ्या विहिरीचे बाप इसाकोबाबा. नळाचं बापपणही त्यांनी कोणाला न विचारता घेऊन टाकलं होतं.

दार्मीची लेक तलासो बाभळीखाली बसली होती, मांडीवर तान्हं पोर. पोरीला जुलाब लागले होते. ओठ सुकले होते, रडताना डोळ्यांत पाणी येत नव्हतं आणि कालपासून फडकंही ओलं झालं नव्हतं. दवाखान्यातल्या नर्सने पुडी दिली होती आणि बजावलं होतं की ही नळाच्या पाण्यात कालवून पाजा, विहिरीचं पाणी आता तिला दाखवूसुद्धा नका. ती पुडी दार्मीच्या पदराच्या गाठीत होती.

"बाबा, वाटीभर द्या. पोरीपुरतं," दार्मी म्हणाली.

"आज तुला वाटी दिली की उद्या सगळ्याच वाट्या घेऊन येतील. पाळी म्हणजे पाळी."

आणि पाळी पुढे सरकेल तर शपथ. कळपाचा म्होरक्या उंट दोणीत तोंड घाली, हुंगे आणि वरचा ओठ दुमडून मान फिरवी. जन्मभर खारं पाणी प्यालेला तो. हे गोडं पाणी त्याच्या लेखी पाणीच नव्हतं. तो पीत नाही म्हणून मागचे पीत नव्हते, आणि उंट पीत नाहीत म्हणून माणसं तहानेली उभी होती.

"अहो, त्याला नकोय. तो स्वतः सांगतोय की नकोय."

"सवय होईल."

"आणि होईपर्यंत?"

"थांबायचं," इसाकोबाबा म्हणाले. मग त्यांनाच ऊन लागलं असावं. दोघा पुतण्यांना हाक मारून ते म्हणाले, "पोती घ्या आणि खारी माती भरून आणा. टाकीतच ओता. चव लागली की पितील."

दार्मीने कपाळावर हात मारून घेतला. काय म्हणावं या माणसाला? गोडं पाणी यावं म्हणून किती सभा झाल्या, किती जीपगाड्या आल्या नि गेल्या, आणि आता हा त्यात मीठ कालवणार. त्यात पाइपाचा चर खणायला पुरुषांना बोलावलं, तेव्हा याच बाबांनी नाक मुरडलं होतं. मर्द विहीर खणतो ती खाली, उंदरासारखी आडवी माती उकरणं हे मर्दाचं काम नव्हे, म्हणे. मग बायकांनी खणला सगळा चर. बाळंतपणाला माहेरी आलेल्या तलासोने तर पोटुशी असताना खणला.

इथे दार्मीचा राग जागच्या जागी थांबला. ती उंटांना ढकलत पुढे गेली आणि सरळ दोणीच्या काठावर बसली.

"बाबा, विहिरीचा बाप कोण होतो?"

"खणतो तो. आपली विहीर माझ्या आजोबांनी खणली, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे."

"आणि हा नळ कोणी खणला?"

मागे बायकांत कोणीतरी फिसकन हसलं.

"ते काय खणणं होतं?"

"मग ही विहीर नव्हे. विहीरच नव्हे तर तुम्ही बाप कशाचे? आणि विहीर असेल तर ती आम्ही खणलीय. एक काय ते ठरवा. ऊन चढतंय."

इसाकोबाबांनी तंबाखू या गालातून त्या गालात नेली. इतर म्हाताऱ्यांकडे पाहिलं. ते सगळे एकदम उंट न्याहाळू लागले. नियमाच्या जोरावर ज्याचा जन्म गेला, तो नियम मोडणार कसा?

"बरं," ते म्हणाले. "बायकांतर्फे तू बाप." मग जरा चवीने म्हणाले, "पण बापाचं घर सगळ्यांच्या शेवटी पितं. विसरली नसशील."

विसरली होती. बापाने आपल्याच घरचं भांडं आधी भरलं असं कोणी म्हणू नये म्हणून तो नियम होता, आणि चांगला नियम होता, मेला. बायकांचं हसू थांबलं. बाभळीखाली पोर बारीक आवाजात कण्हत होतं.

"तलासो माझ्या घरची नाही," दार्मी सावकाश म्हणाली. "सासरकडून उंट घेऊन लग्न करून दिली तिला दुसऱ्या कुळात. बोलणी करायला तुम्हीच बसला होता, बाबा. ती आणि तिचं पोर इथे पाहुणे. पाहुण्याच्या आधी कोण पितं?"

"कोणी नाही," इसाकोबाबा पुटपुटले, आणि पुतण्यांना म्हणाले, "ठेवा ती पोती. उंट विहिरीवर न्या."

पहिली वाटी बाभळीखाली गेली. पुडी कालवून तलासो पोरीच्या ओठांवर बोटाने थेंब थेंब सोडू लागली.

पुढे दिवसभर दार्मी पाळ्या लावत राहिली, आणि सकाळी जी भांडणं ती करत होती तीच आता सगळ्याजणी तिच्याशी करू लागल्या. हिचा डबा मोठा, तिने रांग मोडली, तू जावेला झुकतं माप देतेस. बाप होणं असलं कटकटीचं काम आहे हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिची स्वतःची पाळी आली तेव्हा नळ नुसताच फुसफुसला.

"उद्या भरेल," सावलीत बसलेले इसाकोबाबा म्हणाले. हे ऐकवायलाच ते थांबले होते.

ती रिकामा डबा घेऊन हाकेच्या अंतरावरच्या जुन्या विहिरीवर गेली. तिथे उंट मजेत पीत होते. त्यांच्याच शेजारी वाकून तिने ओंजळभर खारं पाणी तोंडात घेतलं आणि तोंड वाकडं केलं.

"आई," बाभळीखालून तलासोची हाक आली. "हिने मांडी ओली केली गं."

दार्मी होती तिथेच वाळूत बसली. उंट तिच्या डोक्यावरून माना लांबवून पीत राहिले.

"मग फडकं बदल की," ती ओरडली. "मला काय सांगतेस?" पण खारं पाणी आता थेट तिच्या डोळ्यांतून येत होतं.