म्हाताऱ्याच्या शेताचं वळण

गोमटण हा देश कुठल्याही नकाशात सापडणार नाही. तो सुकापूरला, तुळशीरामशेठच्या बंगल्यामागच्या परसात आहे. उत्तरेला त्याची सीमा पाण्याच्या टाकीला टेकते आणि दक्षिणेला शेठच्या बायकोच्या, म्हणजे सत्यवतीवहिनींच्या, कपडे वाळत घालायच्या दोरीला. देशाला राजा नाही, निवडणुका नाहीत, पण रेल्वे आहे. मांजराएवढं इंजिन, दीड-दीड वीत लांबीचे चार डबे, पाच स्टेशनं. रोज दुपारी चारला गाडी सुटते, आणि चाराचं चार-एक झालं की दीनानाथांचं डोकं फिरतं.

दीनानाथ समोरच्या इमारतीत राहायचे. उभा जन्म रेल्वेच्या वेळापत्रक खात्यात गेलेला, त्यामुळे निवृत्तीनंतर त्यांना दुसरं काही सुचलं असतं तरच नवल. जागा तुळशीरामशेठची, अक्कल आपली, असं ते मनात म्हणत. तोंडावर म्हणायची सोय नव्हती, कारण रूळ बसवायला, खडी चाळायला आणि पावसात वाहून गेलेला पूल पुन्हा बांधायला तुळशीरामचेच हात लागत. कायदे, तिकिटं, वेळापत्रक आणि राजपत्र हे मात्र दीनानाथांचं खातं. राजपत्र म्हणजे वहीचा कागद, स्टेशनच्या फलकाला कपड्यांच्या चिमट्यानं लावलेला. ‘पूर्वेकडील बोगद्यात पाल आढळल्याने गाडी उशिराने धावेल’ असले मजकूर वाचून तुळशीराम पोट धरून हसायचा.

तीन वर्षांपूर्वी रूळ टाकताना त्यानं एकच हट्ट धरला होता. नारळाच्या बुंध्यापाशी काठीनं दोन हातांचा चौकोन आखला आणि म्हणाला, “हितं एका म्हाताऱ्याचं शेत हाय. गाडी वलसा घालून जाईल.”

“मालकाचं नाव काय?” दीनानाथांनी नोंदीसाठी विचारलं.

“हाय एक. तुमी वलन काडा.”

असतो एकेकाचा लहरीपणा, असं म्हणून दीनानाथांनी वळण काढलं. तुळशीराम दर पावसाळ्यात त्या चौकोनात भाताच्या रोपांचे दहा-बारा चूड, म्हणजे जुडगे, लावायचा आणि शेताला पाणी भरावं तसं निगुतीनं पाणी भरायचा.

यंदा गोची झाली ती अनुयामुळे. दीनानाथांची ही लेक जर्मनीत नोकरीला. तिनं बापासाठी हातभर लांबीचे तीन झोकदार डबे पाठवले, आणि रविवारी ती स्वतः येणार होती. चार वर्षांनी. डबे इतके देखणे की दीनानाथ ते हॉलमध्ये ठेवून नुसतेच बघत बसले. परसात लावले तर शेताच्या वळणावर तिन्ही आडवे. हळू चालवले तरी आडवे, वजन घातलं तरी आडवे. लांब डब्याला ते वळण झेपणारच नव्हतं. लेकीनं हौसेनं धाडलेले डबे तिच्यासमोर कोलमडणार, या विचारानं त्यांना जेवण गोड लागेना.

तुळशीरामला विचारलं तर तो नाही म्हणेल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी विचारलंच नाही. सोमवारी संध्याकाळी राजपत्र लावलं: ‘गोमटण रेल्वेच्या सोयीसाठी सर्व्हे नंबर एकमधील जमीन संपादित करण्याचे योजिले आहे. कोणाची हरकत असल्यास तीन दिवसांत लेखी कळवावी.’ मंगळवारी पहाटेच तुळशीराम आणि वहिनी साखरचौथीच्या गणपतीला उरणला बहिणीकडे गेले. परसाची किल्ली नेहमीप्रमाणे दीनानाथांकडे. तीन दिवस गेले. हरकत आली नाही. एक फोन करावा असं दोनदा मनात आलं आणि दोन्ही वेळा त्यांनी मोबाइल खिशात ठेवला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

शुक्रवारी त्यांनी वळण उखडलं आणि रूळ सरळ शेतातून नेले. भात फेकून देण्याइतके ते निर्दय नव्हते. चूड मुळांसकट काढून कुंडीत लावले आणि कुंडीवर पाटी ठेवली: ‘प्रकल्पबाधितांचे पुनर्वसन’. पाटी वाचून ते एकटेच हसले. मग लांब डबे जोडून गाडी सोडली. ती पाण्यासारखी गेली.

शनिवारी सकाळी तुळशीराम परतला. गणपतीच्या प्रसादाचा डबा हातात घेऊन तो सरळ परसात आला. रूळ बघितले. कुंडी बघितली. फलकावरचा कागद बोटानं ओळ ओळ धरून वाचला. दीनानाथ हसायच्या तयारीत उभे होते.

“म्हंजे मुदत सपली,” तुळशीराम म्हणाला आणि डबा त्यांच्या हातात देऊन घरात निघून गेला.

चार वाजता तो बाहेर आला नाही. गोमटणच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडलं. दीनानाथांनी गाडी सोडली नाही. थोड्या वेळानं वहिनी दोरीवरचे कपडे काढायला आल्या.

“वहिनी, शेठ एवढ्यावरून रागावले? थट्टा होती हो. उद्या अनुया येतेय, म्हणून...”

“रागावले नाय, भाऊजी. निजलेत तोंड फिरवून.” वहिनींनी चादरीची घडी घालता घालता सांगितलं, “आमच्या सासऱ्यांची खाडीकडं जमीन व्हती. आता मोठा रस्ता हाय ना, तितं. असाच कागद लावलेला चावडीवर. सासरे पलीकडं मिठागरात, महिना महिना घरी नाय यायचे. आनि आले असते तरी वाचता कुटं येत व्हतं?”

“मग कुणी सांगितलं नाही त्यांना?”

“वाचनारं घरात एकच. हे. चौथीत व्हते. चावडीपुढं हुबं राहून मोठ्यानं वाचून दाखवलं समद्यांना. गुरुजींनी शाबासकी दिली. पन संपादन म्हंजे काय, तो नंबर कोनाचा, चौथीतल्या पोराला काय ठावं? घरी येऊन बोलले पन नाय. सासरे आले तवा मुदत सपलेली.” त्यांनी घडी काखेत मारली. “सासऱ्यांनी कवा बोल लावला नाय. ह्यांनीच लावून घेतला.”

दीनानाथ कुंडीकडे बघत राहिले. पाटी अजून तिथंच होती. ती त्यांनी काढून खिशात घातली तेव्हा त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली. आयुष्यभर त्यांनी असले मजकूर लिहिले होते, शुद्ध आणि बिनचूक. ते वाचतं कोण, याचा विचार कधी केला नव्हता.

ते परसातून आत गेले नाहीत. फाटकाबाहेर पडले, वळसा घालून पुढच्या दारानं आले, चपला काढल्या आणि ओट्यावर बसले. तुळशीराम बाहेर आला. डोळे सुजलेले.

“तुळशीरामशेठ, तुमच्या वडिलांच्या शेतातून रूळ न्यायचे आहेत,” दीनानाथ म्हणाले. “विचारायला आलोय.”

तुळशीराम खुर्ची ओढून समोर बसला आणि चौकशीला लागला.

“किती जागा जाईल?”

“वीतभर रुंद. या बांधापासून त्या बांधापर्यंत.”

“पानी कसं जाईल पलीकडं?”

“खालून नळी टाकू.”

“म्हातारा दुपारचा भाकरी खायाला नारलाखाली बसतो. तो कुटं बसंल?”

“ते मला सांगता येणार नाही,” दीनानाथ म्हणाले.

तुळशीरामनं मान हलवली. मग म्हणाला, “नाय.”

“बरं.”

“नाय देनार.” या वेळी मोठ्यानं. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. “नाय म्हंजे नाय!” आणि हे म्हणता म्हणता त्याचा चेहरा असा उजळला की दीनानाथांच्याच डोळ्यांत पाणी आलं. “साहेब, इचारलं असतं तर माज्या बापसानं दिली पन असती. रस्त्याला कोन नको म्हनतो? पन त्याला कोनी इचारलंच नाय हो.”

अंधार पडेपर्यंत दोघांनी मिळून वळण पुन्हा बसवलं. चूड परत शेतात लावले. दोनदा उपटलेलं भात, त्यात लोंब्या धरलेल्या. अर्धं पोचट निघणार हे तुळशीरामला दिसत होतं, पण त्यानं एकेक चूड निगुतीनं दाबून बसवला.

रविवारी अनुया आली. चारला गाडी सुटली, वेळेवर. लांब डबे बोगद्यातून निघाले, पुलावरून ऐटीत गेले, आणि शेताच्या अलीकडे येऊन थांबले. तिथं रातोरात एक नवं स्टेशन झालं होतं. पुढे वळणाच्या तोंडाशी जुने छोटे डबे उभे होते, आणि फलकावर दीनानाथांच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: ‘प्रवाशांनी येथे गाडी बदलावी.’

“हे काय, बाबा?” अनुया हिरमुसली. “माझे डबे पुढे जात नाहीत?”

तुळशीराम झारी घेऊन भाताला पाणी घालत होता. त्याचा हात थांबला.

“नाही,” दीनानाथ म्हणाले. “पुढे शेत आहे. आम्ही विचारलं होतं. मालक नाही म्हणाले.”