सूपभर ज्वारी

मंजुळेनं तव्याच्या बुडाशी बोट घासलं आणि पोरीच्या गालावर काळा फराटा ओढला. मग दुसऱ्या गालावर. पोरगी मान आखडून उभी होती.

"काकी, एकच लाव नं. सारे हासते मले."

"हासू दे. हालू नको."

पोरीच्या अंगातला फ्रॉक शेजारच्या सोजराबाईच्या नातीचा, मागून आणलेला. खांद्यावर उसवला होता आणि मंजुळेनं तो मुद्दामच शिवला नव्हता. रंगरावानं दिवाळीत खामगावहून आणलेलं फुलाफुलांचं कापड पेटीत घडीतच पडून होतं. पोरीचं नावही दगडी ठेवलेलं. दगड कोण उचलून नेतो?

रंगराव वांग्यांची टोपली खांद्यावर घेऊन दारात आला.

"झालं का वं? मार्थाबाई वाट पाहून राह्यल्या असतीन. आज दुनियाभर घंटा वाजून राह्यल्या अन् तू पोरीले काळं फासून राह्यली. येशूबाबाले वाटंन, माह्या जोडीचं हे कोन जल्मलं!"

दगडी खुदकन हसली. मंजुळा हसली नाही.

"आज पाच वर्सं झा—"

"हळू बोला," ती म्हणाली, आणि तिची नजर दाराबाहेर गेली. बाहेर फक्त बोरीची सावली होती.

पहिल्या मुलाच्या बारशाला तिनं गल्लीभर जिलबी वाटली होती. त्याच्या पहिल्या वाढदिवसाला पाटावर बसवून ओवाळलं, आणि आठवडा उलटायच्या आत गोवरानं तो गेला. दुसऱ्याचा वाढदिवस तिनं केलाच नाही. पण चारचौघांत त्याला 'माहा राजा' म्हणायची. तोही गेला. महाराष्ट्र झाला त्या सालच्या नाताळात मिशनच्या दवाखान्यात ही झाली, तेव्हा मंजुळा आधी रडली आणि मग शहाणी झाली. लेकरं जगत नसली की झालेलं मूल दुसऱ्याला विकायचं, ही तिच्या माहेरची रीत. विकलेलं मूल आईचं राहत नाही, मग आईचं नशीब त्याच्या मागे लागत नाही. तिनं पोर उचलली आणि नर्स मार्थाबाईंच्या ओटीत घातली.

"ही तुमची. पाच वर्सांची होईस्तोवर. मले सूपभर ज्वारी द्या."

"अगं, आमच्यात असलं काही नसतं," मार्थाबाई म्हणाल्या होत्या. पण मंजुळेच्या तोंडाकडे पाहून त्या उठल्या आणि आपल्या स्वयंपाकघरातून खरंच सूपभर ज्वारी घेऊन आल्या. ती ज्वारी मंजुळेनं कधी दळली नाही. गाडग्यात भरून आढ्याला टांगली. दरवर्षी त्यातलीच मूठभर वाफ्याच्या कडेला पेरायची आणि नवे दाणे गाडग्यात भरायचे, म्हणजे कीड लागत नाही. पोरगी वाढली मंजुळेच्याच घरात, पण तिला काकी म्हणायची. बोलायला लागली तेव्हापासून काकीच.

मिशनच्या ओसरीवर कागदाची लाल चांदणी टांगली होती. उन्हं उतरत होती. कंपाउंडरची बायको गोजरबाई पायरीवर मुलांना करंज्या वाटत होती. दगडीला बघून तिनं हात थांबवला.

"अगंबाई! केवढी झाली हे! कशी टवटवीत दिसते, पाहा!"

मंजुळेनं पोरीला ओढून आपल्या मागे घेतलं.

"कायची टवटवीत! चार रोज झाले, जेवत नाही," ती खोटंच म्हणाली.

आत टेबलावर केक होता. मार्थाबाईंनी तो वाळू भरलेल्या पातेल्यात भाजला होता, एका कडेनं जरा करपला होता. वर पाच बारीक मेणबत्त्या. पांढऱ्या लुगड्याच्या पदरानं वारा अडवून त्या एकेक पेटवत होत्या. दगडी टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून उभी राहिली. तिच्या काळ्या गालांवर पाच ज्योती हलत होत्या.

"हं, आता मार फुंकर. एका दमात."

पोरीनं गाल फुगवले.

"नको!"

मंजुळेनं पुढे होऊन तिच्या तोंडावर हात ठेवला.  बाहेरची करंज्या खाणारी पोरं दारात येऊन थांबली.

"काय झालं गं?" मार्थाबाईंनी विचारलं.

"तोंडानं दिवा नाही विझवत आमच्यात." मंजुळेनं हात तसाच ठेवला. "अन् आज त नाहीच. तिनं सोता त नाहीच."

 मार्थाबाईंनी स्टूल पुढे ओढलं.

"राहू दे मग. जळू देत. संपतील तेव्हा संपतील. केक कुठं पळून चालला नाही."

"मेण खावं लागंन आज," रंगराव म्हणाला, आणि दारातली पोरं हसली.

मग सगळे बसून राहिले. रंगरावानं टोपली पुढे सरकवली आणि वांगी बाजूला सारली. खाली गाडगं होतं. मंजुळेनं ते ओळखलं. गळ्याशी बांधलेलं फडकं तिच्याच जुन्या लुगड्याचं होतं. सकाळी आढ्याकडे बघायचं तिच्या मनातही आलं नव्हतं.

"हे कोनाले विचारून आनलं?"

"मीच निरोप दिला होता," मार्थाबाई म्हणाल्या. "माझी बदली झाली, मंजुळा. जालन्याकडे. बोलीप्रमाणे पाच वर्षंही झाली. तुझी ठेव तू घे, माझी ज्वारी मला दे."

मंजुळेनं दोन्ही हातांनी टेबल धरलं.

"तिकडे गेल्यावरही तुमचीच ऱ्हाऊ द्या नं. कागदावर नाही, कशावर नाही. नुसती नावाले. मी सांभाळतो. आजवर काही कमी केलं का मी?"

"काही कमी नाही केलंस."

"मंग? तुमची हाय तवर कोनी तिच्याकडे पाह्यलं नाही, बाई. माही झाली की..."

 खिडकीतून वाऱ्याची झुळूक आली आणि कडेची मेणबत्ती विझली. धुराची बारीक रेघ वर गेली. मंजुळेचा हात तोंडाशी गेला तो तिथंच राहिला. रंगरावाचाही चेहरा क्षणभर उतरला.

दगडीनं विझलेली मेणबत्ती केकातून उपटली, शेजारचीच्या ज्योतीला लावली, आणि पेटल्यावर पुन्हा त्याच भोकात खोचली.

"हे पाय काकी, लागली."

 मार्थाबाईंनी आतून सूप आणलं. रंगरावानं गाडग्याचं फडकं सोडलं आणि ज्वारी सुपात ओतली. दाणे सुपावर वाजले. मार्थाबाईंनी दगडीला हाताला धरून मंजुळेसमोर आणलं, तिचा हात मंजुळेच्या हातात दिला, आणि पोरीच्या कपाळावर बोटांनी आपला क्रूस काढला.  मंजुळेनं पोरीचा हात घट्ट धरला नाही, सोडलाही नाही.

मेणबत्त्या केकाला टेकून विझल्या तेव्हा कुठं सुरी लागली. दगडीनं मेण लागलेला तुकडाच मागून घेतला.

परतताना रंगराव रिकामी टोपली डोक्यावर पालथी घालून पुढे चालत होता. धामणगावच्या बाजारातून येणारा एक गाडीवाला त्याला ओळखीचा भेटला, त्याच्याशी बोलत तो बराच पुढे गेला. तुरीच्या शेतांवर अंधार उतरू लागला होता. मंजुळा पावलापावलाला पोरीच्या कपाळाला हात लावून पाहत होती.

"काकी, मले ताप नाही."

"असू दे."

"आता काकी म्हनाचं नाही का मी?"

मंजुळेचं पाऊल अडलं.

"कोनं सांगतलं तुले? गोजरबाईनं?"

"कोनीच नाही. मले पहिलेच मालूम हाय." पोरगी बोटाला चिकटलेलं मेण सोलत होती. "मांगं मले ताप आलता नं, हिवाचा? तवा तू रातभर म्हनत होती. माहं लेकरू, माहं लेकरू. मी जागी होतो."

मंजुळा रस्त्यातच उभी राहिली. ते तिला आठवत नव्हतं. त्या रात्रीचं तिला नुसतं ओल्या फडक्याचं पाणी आठवत होतं.

"मंग मी बी म्हन्तो तुले, काकी नाही, ते दुसरं," दगडी म्हणाली. "तू झोपली की. हळूच. तू भेतं म्हनून मोठ्यानं नाही म्हनत."

"कवापासून?"

"तवापासूनच. रोज."

पुढे गाडीवाल्याच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज हळूहळू लहान होत गेला. मंजुळेनं पदराचं टोक थुंकीनं ओलं केलं आणि पोरीच्या एका गालावरची काजळी पुसायला घेतली. ती सहज निघेना. पोरगी या वेळी हलली नाही.

"आता म्हन," मंजुळा म्हणाली. तिचा स्वर तिलाच जेमतेम ऐकू आला.

दगडीनं आधी मागे बघितलं, मग पुढे, मग तुरीच्या शेताकडे. कोणी नव्हतं. तरी तिनं मंजुळेला मान खाली करायला लावली आणि दोन्ही हातांचा आडोसा करून तिच्या कानाशी तोंड नेलं.