पदरावरून चाचपलेली गाठ

"लोणी झालं गं, लोणी!" पार्वतम्मानं आरोळी ठोकली की अणदूरजवळच्या तिच्या पत्र्याच्या शेडात बाया टाळ्या पिटायच्या. छातीतली दगडासारखी गाठ ही बाई लेप लावून विरघळवते, अशी ख्याती. खात्री सोबतच्या बाईनं करायची, तीही पदरावरून. उघडं बघितलं की गाठ पुन्हा धरते म्हणे! लाजही राखली आणि धंदाही.

माझी धाकटी जाऊ शिवकन्या पोळ्यापासून तिथं जायची. सासूबाईंनी पदरावरून बोट दाबलं आणि म्हणाल्या, "पाण्यानं ढेकूळ विरावं तसं झालंय बघ."

संक्रांतीला शिवकन्याचा हात वर होईना. मी तिला ओढतच नळदुर्गला डॉक्टर जास्मिनकडं नेलं. छातीवर लेपावरून बांधलेलं फडकं सुटलं आणि आतून तेलात मळलेल्या ज्वारीच्या पिठाचा जाड थापा निघाला. खाली गाठ होतीच, वाढलेली. काखेतही गाठी होत्या.

"पन मऊ केल्यावर रोग जातो ना?" शिवकन्यानं विचारलं.

"ताई, कॅन्सरच्या पेशीला डोळे नसतात, ती भोवतालचं चाचपून वागते. मऊ जागेत पुष्कळदा दबून राहते. पण हा रोगच भोवती चिवट धागे विणून जागा टणक करतो, आणि त्या ताठ धाग्यांना धरून पेशी पुढं सरकतात. ते सगळं आत चालतं. वरच्या पिठाचा मऊपणा त्यांना कळत नाही."

मोठ्या दवाखान्यातल्या तपासणीत कळलं, रोग हाडात गेलाय.

मी तो थापा घेऊन शेडात गेले. दारातला दगड उचलला, त्यावर थापा ठेवला, वर पदर टाकला.

"दाबा."

"मऊ हाय की!" एकजण म्हणाली.

मी पीठ काढलं. "आता दाबा."

एकीनं दगड दाबला आणि हात मागं घेतला. बोलली ती पार्वतम्माच, "डॉक्टरनं उघडं बघितलं न्हवं? म्हणून परत धरली!"

बायांनी माना डोलावल्या. ज्या आधी आल्या होत्या, त्या लेप लावून घ्यायला पुढं सरकल्या.

शिवकन्यासाठी आता दुखणं थांबवायच्या गोळ्याच आहेत. "आक्का, पार्वतम्मांचा हात मात्र मऊ होता," ती म्हणते. मी तिच्याशी वाद घालत नाही.

तुमच्याशी घालते. छातीत गाठ हाताला लागली तर ती कठीण का मऊ, दुखते का नाही, हे ठरवत घरात बसू नका. डॉक्टरला उघडी दाखवा, लगेच. लाजेनं कुणी मरत नाही. शिवकन्याला हे सांगून आता उपयोग नाही.