सोडतीचा डबा आणि जुळ्या बहिणी

मी सोडतीचा डबा बोलतोय. बोलता बोलता भरकटलो तर सांभाळून घ्या; सारखं गरगर फिरवलेल्याचं डोकं कितीसं ठिकाणावर असणार?

पत्र्याचं काम करणाऱ्या एका म्हाताऱ्याने मला घडवलं. पोटाला झडप, बाजूला दांडा. मला फिरवून पाहताना तो स्वतःच खुदकन हसला.

त्याच वर्षी सरकारचा नवा नियम आला होता. शाळा आईबापांनी निवडायची, मूल जाईल तिथे त्याचा खर्च सरकार देणार. झालं, झाडून सगळ्यांना टेकडीवरची शाळा हवी झाली. जागा चाळीस, अर्ज दोनशे. म्हणून माझी नेमणूक.

सोडतीला बस चालवणारी एक आई गणवेशातच आली होती. सोबत जुळ्या मुली. अकरा मिनिटांनी मोठी ती थोरली, दुसरी धाकटी. टेकडीवरच्या शाळेत त्या दोघी जाताहेत हे चित्र आईने मनातल्या मनात कधीच रंगवून टाकलं होतं.

थोरलीची चिठ्ठी निघाली. धाकटीची माझ्या तळाशी चिकटून बसली. मी जिवाच्या आकांताने गरगरलो, पण माझ्या हातात काय होतं? मला हातच नाहीत.

आई थोरलीकडे बघून हसली, धाकटीकडे बघून तिचे डोळे भरले. एकाच वेळी.

दारात कोपऱ्यावरच्या शाळेच्या मुख्याध्यापिका उभ्या होत्या. पंचवीस मुलं जमली नाहीत तर त्यांची शाळा बंद होणार होती. धाकटीने त्यांना गाठलं.

"तुमच्याकडे सोडत असते?"

"नाही गं. जागाच जागा आहे."

"का?"

"कोणी येत नाही."

"का?"

बाईंनी विचार केला. "आम्ही फार कंटाळवाणे होतो. आता सुधारतोय."

"घसरगुंडी आहे?" थोरलीने विचारलं.

"आहे. गंजलीय."

"गणित कोण शिकवतं?"

"मी. चुकले तर सांगायचं."

आईला हसू फुटलं. दोघी बहिणींनी कानात काहीतरी कुजबुज केली आणि थोरलीने स्वतःची चिठ्ठी माझ्या टेबलावर आणून ठेवली.

"अगं, अशी परत करत नाहीत," सोडत काढणारा कारकून म्हणाला.

"करू द्या," आई म्हणाली. "निवडायचं म्हटलंय ना, मग त्यांनाही निवडू द्या."

कारकुनाने मला पुन्हा फिरवलं. नवी चिठ्ठी निघाली आणि मागच्या रांगेतले एक जाडजूड वडील खुर्चीसकट उडाले. मी इतका खूश झालो की झडप लागेचना.

जुळ्यांच्या मागोमाग आणखी मुलं कोपऱ्यावर गेली. बाईंची पंचवीस मुलं पुरी झाली, मग पन्नास. टेकडीवर सोडतीसाठी संगणक आला आणि मला बाईंकडे धाडलं.

यंदा बाईंकडे जागांपेक्षा तीन अर्ज जास्त आले. त्यांनी मला पुसलं, चिठ्ठ्या कापायला घेतल्या. मग मध्येच उठून त्या शिक्षकांची खोली मोजू लागल्या.

आता त्या खोलीत वर्ग भरतो. शिक्षक व्हरांड्यात बसतात आणि माझ्या डोक्यावर चहाचे कप ठेवतात. माझं एकच मागणं आहे. कप ठेवा, छत्र्या ठेवा, हवं तर पाय ठेवा. फक्त चिठ्ठ्या नकोत.