खताचे दाणे वळणारा मिक्सर

मित्रांनो, माझ्या पोटाकडे पाहून हसू नका. ते मला कारखान्यातच मिळाले. मी एक जुना काँक्रीट मिक्सर आहे. पण सिमेंट सोडून मला बरीच वर्षे झाली. आता मी खताचे दाणे वळतो.

तरुणपणी मी खडी, वाळू, सिमेंट असे झकास कालवायचो की गवंडी माझ्या पाठीवर थाप मारत. शाळा, दवाखाने, पाण्याच्या टाक्या, सगळीकडे मी राबलो. मग मोठी यंत्रे आली आणि मला भिंतीकडेला ढकलून दिले. तिथे एका कोंबडीने माझ्या पोटात संसार थाटला. सोबत झाली खरी, पण अंडी उबवणे हे काही यंत्राचे काम नव्हे!

एके दिवशी एका वेल्डर ताईने मला भंगारातून उचलले आणि आपल्या दादाच्या केळीच्या बागेत आणले. तिच्या वहिनीने कपाळाला हात लावला.

"अहो ताई, मी चाळणी आणा म्हटलं होतं. हे धूड कुठून आणलंत?"

वहिनीचे दुखणे वेगळेच होते. घड उतरवले की केळीची खोडे उरत. दादा ती वाळवून पेटवून देई आणि धुराने वहिनीला खोकला धरे. यंदा तिने हट्टाने खोडे चिरून, शेण कालवून खत केले होते. पण त्यात तंतूच तंतू! खत विकत घ्यायला आलेल्या नर्सरीवाल्याने ते ओंजळीत घेतले तोच वारा सुटला आणि निम्मे खत त्याच्या मिशांत बसले. "दाणेदार करा, मग बोलू," म्हणून तो गेला.

"नाही जमलं तर ढीग पेटवतो," दादाने बजावले.

पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. लांब तंतू माझ्या पात्यांना वेणीसारखे गुंडाळले. पट्ट्याला जळका वास आला आणि मी कण्हत थांबलो.

"द्या परत भंगारात," वहिनी म्हणाली.

"वहिनी, जरा दम धरा. याला घुसळायची सवय आहे. आपल्याला तर वळायचंय." ताईने माझी पातीच कापून काढली. सगळे दात एकदम पडावेत तसे मला वाटले!

वहिनीने खत वाळवले, बारीक दळले, चाळले. मी तिरका होऊन सावकाश फिरू लागलो. ताईने चिकणमातीचे पाणी फवारले, ते भसाभस.

"हे खत आहे की बटाटे?" वहिनीने फवारा हिसकावला आणि नुसता शिडकावा दिला. मोहरीएवढे दाणे दिसू लागले. ते लोळत लोळत वाटाण्याएवढे झाले. माझ्या पोटात सळसळ सुरू झाली आणि वहिनी लहान मुलीसारखी टाळ्या पिटू लागली.

सुकलेला दाणा नर्सरीवाल्याने आपटला, चिमटीत दाबला, पेल्यातल्या पाण्यात टाकला. दाणा फुटला नाही, पाण्यात मात्र हळूहळू सुटत गेला.

"सगळा माल मला द्या," तो म्हणाला. दादाने काडेपेटी खिशात घातली.

मित्रांनो, ओले खत चिकटून राहिले तर माझा पत्रा गंजतो. म्हणून काम संपताच वहिनी मला आतून खरवडते, पुसते. तुमच्या घरातही एखादे यंत्र, एखादे अवजार राबत असेल. त्याची साफसफाई उद्यावर टाकू नका.

बरे, निघतो. खोडांची गाडी दारात आली आहे आणि आज फवारा कोणी धरायचा, यावरून दोघींची जुंपली आहे.