एकही गोळा सुटला नाही

तोफेच्या तोंडात सिमेंट भरलं होतं. लेकीने ते नखाने खरवडून पाहिलं आणि तिथूनच आईला हाक मारली, "आई, बुजवलीय गं ही!"

बाकांवरची माणसं वळून पाहू लागली. बागेचा गाईड लगबगीने आला.

"ताई, जरा हळू. लोक इथे शांततेसाठी येतात."

त्यांच्या घरात सगळ्यांचेच आवाज मोठे. मीठ मागितलं तरी शेजाऱ्यांना कळायचं. "ओरडताय की बोलताय, हे मी तुमच्या चेहऱ्यावरून ओळखतो," असं वडील म्हणायचे.

युद्धात ते याच किल्ल्यावर, तोफेवर होते. रोजच्या सरावात दोन्ही कान गेले. शत्रूची जहाजं इकडे फिरकलीच नाहीत. मग तोफा डागल्याच नाहीत, तर कान जातील कसे? दोष जन्माचाच असणार, असं लष्कराच्या पेन्शन खात्याने ठरवून टाकलं. आईने वर्षानुवर्षं त्या कचेरीचे उंबरे झिजवले. "लग्नानंतर माझी कुजबुज ऐकलीय त्यांनी!" असं प्रत्येक नव्या साहेबाला ती ठणकावून सांगायची. वडील गेले, तरी उत्तर बदललं नाही. आता किल्ल्याची बाग झाली होती, आणि निदान तिथल्या फलकावरचं एक वाक्य तरी बदलून घ्यावं म्हणून दोघी आल्या होत्या.

गाईड नेमकं तेच वाक्य लोकांना वाचून दाखवत होता. "या किल्ल्यातून एकही गोळा सुटला नाही."

"सुटला," लेक म्हणाली. "रोज सुटायचा. माझे वडील डागायचे."

"अहो, सराव तो. तो कोण धरतो?"

"त्यांच्या कानांनी धरला ना!"

कुणीतरी हसलं. गाईड अवघडला. "ताई, ओरडू नका हो."

"ओरडत नाहीये, बोलतेय मी!"

आईने तिचा दंड धरला. मग ती गाईडशी बोलली, इतकं हळू की कोण बोलतंय हे लेकीला आधी उमगलंच नाही.

"हिच्या वडिलांना ऐकू येत नव्हतं. आम्हाला मोठ्यानं बोलायची सवयच लागलीय."

"अरेरे. जन्मापासून?"

लेक आईच्या ओठांकडे पाहत राहिली.

"हो," आई म्हणाली. "जन्मापासूनच."

गाईड एकदम विरघळला. एका जोडप्याला उठवून त्याने सावलीतला बाक मोकळा करून दिला. आई बसली. चपला काढून तिने पाय मोकळे केले आणि शेजारची जागा हाताने झटकली.

लेक उभीच राहिली.