ताईंच्या स्वयंपाकघरातला पांढरा ओटा

मी एक जुना ओटा आहे. पांढऱ्या संगमरवराचा, अंगावर राखाडी शिरा असलेला, सव्वीस वर्षे एकाच स्वयंपाकघरात उभा असलेला. मित्रांनो, ओट्याला कसली आली कहाणी, असे तुम्हाला वाटेल. माझ्यावर भांडी आदळतात, भाज्या चिरल्या जातात, रात्री फडके फिरते आणि दिवस संपतो. पण एकदा माझ्यावर खूप प्रेमाने एक अन्याय झाला. तो फक्त माझ्यावर झाला असता, तर मी गप्प बसलो असतो. तो खरे तर दुसऱ्याच कोणावर झाला होता, म्हणून सांगतो.

माझा जन्म डोंगराच्या पोटात झाला. तिथे मी किती काळ होतो ते मला मोजता येत नाही. मग एक दिवस करवतीची तार आली, पाणी आले, आवाज आला आणि मी डोंगरापासून वेगळा झालो. कापून माझ्या लाद्या झाल्या. घासूनपुसून त्यांना चकाकी आली आणि मी एका दगडाच्या वखारीत भिंतीला टेकून उभा राहिलो. माझ्या एका बाजूला काळा ग्रॅनाइट होता, दुसऱ्या बाजूला हिरवट ठिपक्यांचा एक दगड. लोक यायचे, बोटाने टिचकी मारायचे, भाव विचारायचे आणि बहुतेक काळ्या ग्रॅनाइटला घेऊन जायचे. मी तिथेच. वखारवाले काका माझ्यावरची धूळसुद्धा झटकेनासे झाले होते.

अशात एका दुपारी दोघी मायलेकी आल्या. आई शिवणकाम करणारी. सगळी गल्ली त्यांना ताई म्हणायची. वय पंचेचाळीसच्या आसपास. लेक कॉलेजात जाणारी, घाईत असलेली. घरात त्या दोघीच होत्या. जुना लाकडी ओटा कुजला म्हणून नवा करायचा होता.

"काळा घ्या," वखारवाले काका म्हणाले. "डोळे झाकून घ्या. तेल सांडा, लिंबू पिळा, गरम पातेलं आपटा, ढिम्म हलायचा नाही."

ताईंनी पिशवीतून कापड कापायची कात्री काढली. काळ्या मुठीची, जड. ती त्यांनी काळ्या ग्रॅनाइटवर ठेवली आणि दोन पावले मागे येऊन पाहिले. मग हिरवट दगडावर ठेवली, पुन्हा मागे आल्या. शेवटी वखारवाल्याने मला आडवे केले आणि कात्री माझ्यावर आली. ताई मागे सरकल्या. तिथूनच म्हणाल्या, "हा."

"अहो, हा मऊ असतो," काका म्हणाले. "मला काय, विकला तर बरंच आहे. पण उद्या मला शिव्या देऊ नका. आंबट सांडलं की याची चकाकी जाते. लिंबू, टोमॅटो, व्हिनेगर, काही चालत नाही. दर वर्षी औषध लावावं लागतं, नाहीतर डाग आत मुरतो. राजेशाही थाट आहे याचा."

"आई, काळाच बरा की," लेक म्हणाली. "कोण जपत बसणार?"

"यावर कात्री दिसते मला," ताई म्हणाल्या.

"कात्री कशावरही दिसतेच ना!"

ताईंनी एकदा काकांकडे पाहिले. वखारवाले काका शहाणे होते. ते उगाच पलीकडच्या लाद्या मोजायला गेले. मग माझ्यावर दोन्ही हात टेकून ताईंनी लेकीला सांगितले. डोळ्यांची नजर बाजूबाजूने कमी होत चालली आहे. सुईत दोरा ओवायला आता शेजारणीला हाक मारावी लागते. डॉक्टर म्हणाले आहेत, सावकाश जाईल, पण जाईल. दहा वर्षे, फार तर बारा.

"कधी कळलं?" लेकीने विचारले.

"गेल्या वर्षी."

"आणि मला आत्ता सांगतेस? दगडाच्या दुकानात?"

"घरी सांगायला तोंड उघडत नव्हतं गं," ताई म्हणाल्या.

लेकीने कात्री उचलली, पुन्हा माझ्यावर ठेवली आणि स्वतः मागे जाऊन पाहिले. मग काकांना हाक मारली, "काका, हाच द्या."

मी असा निवडला गेलो. वखारीत माझ्या रूपाची तारीफ पुष्कळांनी केली होती, पण माझी गरज असलेले माणूस मला पहिल्यांदाच भेटले.

मला बसवायला एक मिस्त्री आले. कमी बोलणारे, कानावर पेन्सिल खोचणारे. त्यांनी मला मापात कापले, शेगडीची जागा सोडली, खिडकीखाली भांडी धुवायच्या मोरीसाठी चौकोन पाडला. त्या घरात उजेड चांगला होता. सुरी, चमचे, चहाची गाळणी, सगळे माझ्या पांढऱ्या अंगावर उठून दिसायचे. ताई पाव भाजायच्या, सूप करायच्या, चेरी आल्या की मुरंबा करायच्या आणि गल्लीभर वाटायच्या. पहिली दोन वर्षे त्यांनी मला फुलासारखे जपले. पण काम म्हटले की सांडलवंड आलीच.

व्हिनेगरची बाटली नेहमी मोरीच्या डाव्या हाताला असायची. तिच्या बुडाचे एक खरखरीत वर्तुळ माझ्यावर उमटले. चिरायची फळी जिथे ठेवत, तिथे लिंबाने आणि टोमॅटोने तळहाताएवढी चकाकी खाल्ली. एकदा बिडाचा तवा हातातून निसटला आणि शेगडीपासून वीतभर अंतरावर माझ्या कडेचा टवका उडाला. ताई त्या दिवशी फार हळहळल्या. मलाही वाईट वाटले. रूपाचा गर्व दगडालाही असतो, मित्रांनो.

वर्षे गेली. लेक नोकरीला लागली, दुसऱ्या शहरात राहू लागली. ताईंच्या डोळ्यांतला उजेड कडेकडेने आत सरकत राहिला आणि एका हिवाळ्यात मधलाही विझला. पांढऱ्यावर काळे दिसायचे दिवस संपले. मला वाटले, आता माझे काम संपले.

पण उलटेच झाले. ताईंची बोटे माझ्यावरून चालू लागली. टवका हाताला लागला की पुढे वीतभर शेगडी. वर्तुळ लागले की बाटली. खरखरीत तळहात लागला की फळीची जागा, आणि तिच्या उजवीकडे सुरी, पाते भिंतीकडे करून. ज्या खुणांनी मी कुरूप झालो म्हणून कुढत होतो, त्या खुणांवरून एक बाई रोज तीन वेळा स्वयंपाक करत होती. कोणी मदतीला आले तर त्या म्हणायच्या, "बसा हो तुम्ही. माझ्या ओट्याला सगळं ठाऊक आहे." दगडाला पाझर फुटतो म्हणतात. मला फुटला नाही, पण फुटायचा तेवढाच राहिला.

आता ती गोष्ट.

लेकीला बढती मिळाली होती. आईसाठी काहीतरी करावे असे तिच्या मनात होते. तिने ताईंना चार दिवस मावशीकडे पाठवले आणि मागे एका पॉलिशवाल्याला बोलावले. त्याने माझ्यावर यंत्र फिरवले. एकामागून एक चकत्या बदलत, पाणी सोडत, त्याने व्हिनेगरचे वर्तुळ घासून काढले. तळहाताएवढा डाग गेला. टवक्यात पांढरा मसाला भरून त्याने कड अशी जुळवली की शोधूनही सापडू नये.

खरे सांगू का? मी खूश होतो. वीस वर्षांनी खिडकी माझ्यात दिसत होती. अंगावर मूठभर मांस चढणे माझ्या नशिबात नाही, पण त्या दिवशी चढल्यासारखे वाटले खरे. ताईंचा विचार माझ्या मनात एकदाही आला नाही. ही गोष्ट मला आजही बोचते.

ताई परत आल्या. लेक त्यांचा हात धरून आत घेऊन आली. "आई, बघ! नव्यासारखा केला तुझा ओटा."

ताईंनी हात ठेवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला. पुन्हा मागे आणला. बोटे टवक्याच्या जागी थांबली, तिथेच घुटमळली.

"छान झालाय," त्या म्हणाल्या.

लेकीला ते खरे वाटले. ताईंना तिचे मन मोडायचे नव्हते.

संध्याकाळी ताई चहा करायला उभ्या राहिल्या. शेगडीवर पाणी उकळत होते. कपाकडे जाताना त्यांची बोटे कडेवरून सरकली, टवका शोधत राहिली. टवका आलाच नाही. त्यांना वाटले, शेगडी अजून लांब आहे. हात पुढे गेला आणि पातेल्यावर आदळला. उकळते पाणी मनगटावरून माझ्यावर पसरले. मला त्याचे काही नव्हते. ताईंची किंकाळी ऐकून लेक धावत आली.

डॉक्टरांनी पट्टी बांधली. लेकीने रजा वाढवली. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "बास झालं, आई. आता तू माझ्याकडे चल. तिथे तुला काही करावं लागणार नाही."

"काही करावं लागणार नाही," ताई तेवढेच बोलल्या. नाही म्हणाल्या नाहीत, आणि तेच मला भयंकर वाटले. सहा दिवस त्या स्वयंपाकघरात आल्या नाहीत. बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून असायच्या. लेक सामान बांधू लागली.

सातव्या दिवशी सकाळी लेक मला पुसत होती. पुसता पुसता थांबली. काय वाटले कोण जाणे, तिने डोळे घट्ट मिटले आणि चहा करायला घेतला. कप शोधताना तिचा हात माझ्या अंगावर फिरत राहिला. सगळीकडे सारखाच गार, सारखाच गुळगुळीत. साखरेचा डबा पडला. चमचा मोरीत गेला. शेगडीजवळ हात न्यायची तिची छाती होईना. तिने डोळे उघडले तेव्हा ते भरलेले होते.

ती बाहेर गेली आणि ताईंच्या पायाशी जमिनीवर बसली. "आई, त्या ओट्यावर तुला काय काय हाताला लागायचं?"

ताईंनी चाचपत तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "तू प्रेमानं केलंस गं."

"ते राहू दे. काय लागायचं, ते सांग."

दोघी आत आल्या. ताईंनी पट्टी बांधलेला हात हवेतच धरला आणि दुसऱ्या हाताने दाखवू लागल्या. "इथे टवका. इथे बाटली. इथे फळी, आणि तिच्यापाशी एक खडबडीत कोपरा होता, तुझ्या कॉलेजच्या वेळचा. तू लिंबू सरबत सांडून पळालीस ना, तो." लेक पेन्सिलीने खुणा करत गेली. हसतही होती आणि नाक ओढतही होती.

मग मिस्त्रींना बोलावले. ते आता म्हातारे झाले होते, काम सोडल्यात जमा होते. सगळे ऐकून ते म्हणाले, "जन्मभर लोकांच्या ओट्यावरचे ओरखडे घालवले. ओरखडा पाडायला पहिल्यांदाच कुणीतरी बोलावतंय."

"जमेल ना?" लेकीने विचारले.

"खराब करायला काय अक्कल लागते?" ते म्हणाले. पण त्यांनी यंत्र आणले नव्हते. हाताने चालवायची कानस आणली होती. ताईंचे बोट कडेवर ठेवून घेतले आणि त्याच्या शेजारी सावकाश घासू लागले.

"थोडं डावीकडे," ताई म्हणाल्या. "अजून. हां, हां. थांबा."

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. मला देवपण नको होते. मला फक्त पुन्हा उपयोगी पडायचे होते. कानस लागत होती, आणि मी हू की चू केले नाही.

कडेला एक खोल खाच, बाटलीपाशी दोन बारीक रेघा. मिस्त्री पुढच्या खुणेकडे वळले तेव्हा ताई म्हणाल्या, "पुरे. बाकीच्या काम करता करता होतील."

त्यांनी खाचेवर अंगठा ठेवला, वीत मोजली आणि शेगडी पेटवली. पहिला चहा मिस्त्रींना दिला. लेक दारात उभी होती. मदतीला यायचे म्हणून तिचे पाय शिवशिवत होते, पण ती तिथेच उभी राहिली. रविवारी तिने आपलेच सामान उचलले. "येते, आई," म्हणाली आणि गेली. ताई आपल्या घरातच राहिल्या.

ही गोष्ट मिस्त्रींच्या तोंडून गावभर झाली. महिनाभरात एक बाई दार वाजवत आल्या. त्यांचे यजमान निवृत्त बसचालक. आजारात दृष्टी गेली आणि तेव्हापासून ते पलंग सोडत नव्हते. "त्यांना काहीतरी शिकवाल का?" बाईंनी विचारले.

ते आले, पण कपाळावर आठ्या घेऊनच. "चाळीस वर्षं बस चालवली मी. आता चहा करायला शिकू?"

"रस्ता लहान आहे," ताई म्हणाल्या. "पण वळणं आहेत."

पहिल्या दिवशी त्यांनी दोन कप फोडले. तिसऱ्या दिवशी खाच शोधायला लागले. दहाव्या दिवशी त्यांनी ताईंना मोरीपाशी उभे राहायला सांगितले आणि सगळे स्वतः केले. चहा थोडा कपात, बराचसा माझ्यावर. तो कप दोन्ही हातांत धरून ते बाहेर बसलेल्या बायकोकडे गेले. मी आतून ऐकत होतो. रिकामा कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

मग बाई म्हणाल्या, "अजून आहे का?"

मित्रांनो, तुम्हीही कधी घरासाठी दगड निवडाल. रूप पाहा, भाव पाहा, पण त्यावर काम करणाऱ्या माणसाला आधी हात लावू द्या. आंबट सांडले तर लगेच टिपा, साध्या ओल्या फडक्याने पुसा, वर्षातून एकदा औषध लावा. इतके केलेत तरी आम्ही पिढ्या काढतो. आणि कोणाची जुनी वस्तू नवी करून द्यावी असे मनात आले, तर तो फार चांगला विचार आहे. फक्त आधी त्या माणसाजवळ बसा आणि विचारा, यातले काय तुला तसेच हवे आहे?